पंचावन्न की अठ्ठावन्न

माझे बाबा मलकापूरला एका सरकारी कचेरीत शिपाई आहेत. कचेरीचं टपाल सायकलवरून गावोगावी पोचवणं, हे त्यांचं मुख्य काम. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, तेव्हा बाबांना पंचावन्न वर्षं पूर्ण होत आली होती.

निवृत्तीचं वय नुकतंच अठ्ठावन्न झालं होतं. पण कुणाला पंचावन्नलाच थांबायचं असेल तर तीन महिने आधी अर्ज द्यावा, पेन्शन सुरू होईल, असं मोठ्या बाबूंनी त्यांना समजावून सांगितलं. बाबांचे गुडघे सुजत. उंद्रीला धाकट्या काकांजवळ जाऊन राहावं, वाट्याच्या शेतात जमेल तेवढं करावं, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. पण पेन्शन पगाराच्या निम्म्याहूनही कमी. तेवढ्यात मलकापूरची खोली ठेवता आली नसती, आणि खोली सुटली की माझं कॉलेजही सुटलं. हे घरात कुणी बोललं नाही. मीही नाही.

आठवड्याभरानं जेवताना बाबा म्हणाले, "अठ्ठावन्नच करू. आतापासून घरी बसून काय माशा मारू?"

मला इतका आनंद झाला की गुडघ्यांचं विचारायचं राहूनच गेलं.

मग उंद्रीहून आत्या आली. बाबांची ही मोठी बहीण. पंचावन्न ऐकताच ती हसायलाच लागली.

"पंचावन्न? काऊन बे, लहान होऊन राह्यला का तू?"

"बाई, सरकारी कागदात हाय तसं," बाबा बहिणीला म्हणाले.

"कागदाले काय मालूम!" आत्या माझ्याकडे वळली. "तुह्या बापाले अन् काकाले एकाच दिवशी शाळेत नेलं वो. हा ढोरं चारून चारून नऊ वर्षाचा झाल्ता, काका सहाचा. मास्तर म्हणे, डोक्यावरून हात घेऊन पल्याडचा कान धरा. दोघायनंही धरला. झालं! कान पुरला म्हणजे सहा वर्षं. दोघायचंही सहाच लिवलं. सख्खे भाऊ, अन् शाळेत जुळे!"

आई पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही. म्हणजे बाबांना अठ्ठावन्न आत्ताच होत आली होती. कागदावरच्या अठ्ठावन्नपर्यंत ते एकसष्ट वर्षांचे होणार होते, आणि तोवर सायकल चालवणार होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर मी अर्ज लिहिला. पंचावन्न पूर्ण होताच सेवेतून मुक्त करावं, असा. चांगल्या कागदावर, सावकाश, नीट अक्षरात. बाबा आल्यावर त्यांच्यासमोर ठेवला.

"बाबा, यावर सही करा. मी उंद्रीला येईन तुमच्याबरोबर."

ते चौथीपर्यंत शिकलेले. ओळीखाली बोट धरून त्यांनी सगळा अर्ज वाचला.

"अक्षर झकास हाय," ते म्हणाले. "आमच्या बाबूचंबी असं नाई."

"सही करा ना."

"बाईनं सांगतलं म्हणून लिवला का?"

"तुमचं वय झालं आहे बाबा. खरं वय."

"हाव, झालं. मले का मालूम नाई? पर मास्तरानं मले तीन वर्षं जास्तीचे देले. इतके दिवस त्यायचा काही उपयोग नव्हता. आता तुह्यं कॉलेजबी तीनच वर्षाचं. मंग वापस काऊन करू?"

मी म्हणाले, "पण गुडघे?"

"गुडघे माह्ये हायेत. तुले त्यायची परीक्षा नाई द्याची."

त्यांनी अर्जाची घडी घालून माझ्या हातात दिली. मी पुन्हा आग्रह केला नाही. करायला हवा होता का, हे मला अजून ठरवता येत नाही. खरं सांगायचं तर घडी हातात आली तेव्हा मला हायसं वाटलं होतं, आणि ते त्यांना दिसलंही असावं. कारण ते लगेच आईला म्हणाले, "चहा ठेव वो, पोरगी उंद्रीले चालली होती, वाचली."

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. लांबच्या गावाचं टपाल असलं की बाबा उजाडताच निघतात. चढ आला की हल्ली ते उतरून सायकल हातात धरून चालतात, असं त्यांच्या कचेरीतल्या एकानं मला सांगितलं. बाबांनी स्वतः कधी सांगितलं नाही. ते गेल्यावर मी पुस्तक उघडते, आणि कॉलेजचे तास सोडले तर ते परत येईपर्यंत जागेवरून उठत नाही. त्यांच्या चढापुढे हे काहीच नाही. पण सध्या माझ्या हातात एवढंच आहे.