रोमचा बादशहा आणि वाशीतला वरणभात

आणि रविवारी फिरायला निघायचं म्हणून सगळ्यांच्या आधी तयार होऊन सोफ्यावर बसलेलं कोण, तर आमचे मोठे भावजी! ह्यांचे थोरले बंधू हो. जाऊबाईंना घेऊन आदल्या संध्याकाळीच चिपळूणहून आमच्याकडे उलव्याला आले होते. आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. नात सई म्हणते इतिहासात एम.ए. करते, माझा गिरीश म्हणतो महाप्याला नोकरी बघ, आणि शेवटी दोघांचं ठरलं, मोठे आजोबा म्हणतील तसं.

तुम्ही गेलात तर आमच्यासारखी गाडी दिवसभराची सांगा, रिक्षा बदलत बसू नका. नेरूळच्या खाडीवर सकाळीच जा, टोपी न्या. काय ते गुलाबी फ्लेमिंगो पक्षी, नुसती पैठणी पसरल्यासारखी!

भावजी म्हणाले, "बगळेच की. रंग लावलेले."

"हो काका, बगळेच," गिरीश लगेच.

दुपारी वाशीला मासळीच्या खानावळीत गेलो. रविवारी बाराच्या आत गाठा, नाहीतर उभं राहावं लागतं. भावजींचं पोट जरा बिघडलेलं. ते म्हणाले, "मला वरणभात." की गिरीश वरणभात, सून माधवी वरणभात, जाऊबाई वरणभात. मीही! शेजारच्या टेबलावर सुरमई चुरचुरतेय आणि आम्ही वरणभात. वेटर आमच्याकडे बघतच राहिला.

"मला पापलेट थाळी," सई म्हणाली.

आणि मग तिनेच एक गोष्ट सुरू केली. रोममध्ये म्हणे फार पूर्वी इतिहास लिहिणारा एक माणूस होऊन गेला. त्याने लिहिलंय, बादशहा भरसभेत मत विचारायचा, तर सगळे त्याच्याच तोंडाकडे बघायचे. कुणी न सांगताच माणसं वाकतात, आणि वाकलेल्या माना बघून बघून बादशहाही बिघडतो. मी चौथी शिकलेली, पण मला हे चटकन कळलं. समोर वरणभातच होता ना!

भावजींनी चमचा खाली ठेवला. "गिरीश, पोरीने इतिहास शिकावा का रे?"

"तुम्ही म्हणाल तसं, काका."

"अरे, हाच तो वरणभात! तुझं सांग."

गिरीश घुटमळला. "शिकू दे असंच वाटतं. मला वाटलं, तुम्हाला नाही आवडणार."

"मला विचारलंस कधी?" भावजी एवढे हसले की ठसका लागला. सईचे डोळे भरले, पापलेट तसंच ताटात.

तेवढ्यात जाऊबाई हळूच म्हणतात, "मला कोळंबी सांगा. वरणभात मला मुळीच आवडत नाही." आणि भावजी त्यांच्याकडे असे बघताहेत, जशी काही आजच ओळख झाली!

घरी आल्यावर चहा ठेवता ठेवता माझ्या मनात आलं, आपणही विचारून बघावं. "माधवी, आलं घालू ना गं?"

"खरं सांगू आई? नको."

लग्न होऊन आल्यापासून पीत होती बिचारी!

भावजी-जाऊबाई शिमगा झाला की पहिल्याच रविवारी परत येणार आहेत. जाताना भावजी दारातून ओरडले, "तेव्हा खायला काय ते आधी तुम्ही सांगायचं, मी सगळ्यात शेवटी!" कॅलेंडरवर त्या रविवारभोवती मी गोल केलाय. गोलात जाऊबाईंनी निघण्याआधी स्वतःच्या हाताने लिहिलंय, कोळंबी.