ऑगस्टिन सरांची शेवटची प्रॅक्टिस

मी लष्करात शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर पाच वर्षं होते, सप्लायमध्ये. शेवटचं पोस्टिंग राजस्थानच्या वाळवंटात. उन्हाळ्यात नव्या जवानांना उष्माघाताचं ड्रिल शिकवणं माझ्याकडे असे. घाम थांबला, बोलणं भरकटलं, की माणूस सावलीत आणि अंगावर पाणी. रँक कोणतीही असो. एकदा मी सुभेदार साहेबांनाच ट्रकमागे झोपवलं. ते आठवडाभर चिडून होते. पण होते.

आता मी दुबईत जबल अलीच्या एका वेअरहाऊसमध्ये काम करते आणि अल कुसैसला राहते.

ऑगस्टिन सर वसईचे. आमच्या कॉलेजची पहिली फुटबॉल टीम निघाली तेव्हा ते राइट हाफ होते. भात कापलेल्या शेतात अनवाणी खेळायचे. पुढे तिथेच एकतीस वर्षं कोच. मुलींची पहिली टीम त्यांनी काढली, तेव्हा मी कुणाशी बोलत नाही हे पाहून मला गोलमध्ये उभं केलं. तिथे ओरडावंच लागतं, म्हणाले. कमिशनचा फॉर्मही त्यांनीच आणून दिला.

बायको गेल्यावर ते शारजाला मुलाकडे आले. वय बहात्तर. दर रविवारी अल कुसैसच्या मैदानावर ऑफिसात नोकरी करणाऱ्या वसईच्या पोरांना शिकवत. माझ्या लष्करातल्या रँकवरून मला कॅप्टन म्हणत आणि सरावाचे प्लॅस्टिकचे कोन मांडायला लावत.

त्यांचा एक नियम जुना होता. हाफ टाइमपर्यंत पाणी नाही, पोट जड होतं. त्यांच्या कोचने तसं शिकवलं होतं. हे चूक आहे, असं मी त्यांना कधी सांगितलं नाही. पोरांसाठी मी गोलमागे गुपचूप पाण्याच्या बाटल्या ठेवायचे. सर स्वतः नियम पाळत.

मे महिन्यातला रविवार. १७:०० ला खेळ सुरू झाला. १७:२० ला सरांनी मला दुसऱ्याच मुलीच्या नावाने हाक मारली. त्यांचा शर्ट कोरडा होता. मी बाटली घेऊन गेले.

"सर, सावलीत बसा."

"हाफ टाइमला. कॅप्टन झालीस म्हणून आता मला ऑर्डर देणार काय गं?"

पोरं हसली.

"येस सर," मी म्हटलं आणि मागे फिरले.

१७:३१ ला ते टचलाइनवर कोसळले. मग मी सगळं बरोबर केलं. सावली, पाणी, ग्रोसरीतून आणलेला बर्फ काखेत आणि मानेला. १७:४४ ला अँब्युलन्स आली. सर दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

चर्चमध्ये पोरं जर्सी घालून आली होती. राइट हाफची जागा मोकळी ठेवून रांगेत उभी राहिली. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सरांचा मुलगा भेटला की अजून म्हणतो, "तू तिथे होतीस म्हणून पप्पांना हॉस्पिटलपर्यंत तरी नेता आलं."

मी मान हलवते. १७:२० ते १७:३१ मधली अकरा मिनिटं मी त्याला सांगितलेली नाहीत.