पेढे आणि पिठलं-भाकरी

टीव्हीवर कुठला तरी गुंड मारला गेल्याची बातमी आली आणि आमच्या गल्लीत पोरांनी फटाक्यांची माळ लावली. त्या वासानं मला आष्ट्यातला तो रविवार आठवला.

उसाच्या पाण्यावरून माझ्या थोरल्या भावाचा खून करणारा माणूस, खटला चालू असतानाच, कुणीतरी मारला. शेजाऱ्यांनी फटाके उडवले, पेढे घेऊन आले. आईनं पेढ्याला हात लावला नाही. चर्चला निघायच्या आधी ती पिठलं-भाकरी बांधू लागली.

"त्यांची चूल आज पेटायची न्हाई," ती म्हणाली.

"अगं, त्यानं दादाला मारलंय!"

"त्यानं मारलंय. त्याच्या आयनं न्हाई."

"म्हंजे माफ केलंस त्याला?"

"प्रभूला रोज सांगती, मला जमंना. पर त्या म्हातारीची भूक माझ्या माफीसाठी थांबायची न्हाई."

ती गेली. मी दारातच धुमसत राहिलो. मला कोर्टात त्याच्या तोंडून फक्त ऐकायचं होतं, 'मीच मारलं.' ते कायमचं राहिलं आणि लोक मलाच पेढे भरवत होते.

आज न राहवून मी पोरांवर ओरडलो, "बंद करा ते फटाके!"

त्यातला एकजण माझ्याकडं बघत राहिला. "काका, त्यो तुमचा कोण लागत हुता?"