दाराजवळचं स्टूल

आमच्या दौंडच्या हायस्कुलात आठवीच्या पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारला जायचा आणि त्याच्या उत्तरावर पुढची सगळी शाळा ठरायची. प्रश्न असा, की वडील काय करतात. हेडमास्तर वर्गात येऊन एकेकाला उभं करायचे, उत्तर ऐकायचे आणि हाताने खोली दाखवायचे. वडील दुकानदार, तर पोरगा जमाखर्चाच्या वर्गात. वडील शेतकरी, तर शेतकीच्या. वडील रेल्वेत असले की बीजगणित-भूमिती, कारण ही पोरं पुढे लोकोशेडात नाहीतर वर्कशॉपात चिकटायची. तुला काय आवडतं, हे विचारायची पद्धत नव्हती. मुलींना तर वडिलांचंही विचारत नसत. त्या मुकाट्याने शिवणाच्या बाईंमागून कोपऱ्यातल्या खोलीत जायच्या.

मला याची तेव्हाही चीड यायची आणि आजही येते. सातवीत मास्तरांनी कंपासने वर्तुळ काढून त्यात षट्कोन बसवून दाखवला होता. कंपासचं माप न बदलता वर्तुळावर खुणा करत गेलं की शेवटची खूण नेमकी पहिलीवर येऊन बसते. घरी येऊन मी तो खडूने फरशीवर इतक्या वेळा काढला, की आईने वैतागून माझ्या हातात ओलं फडकं दिलं. मला भूमिती हवी होती. शिवाय आठवीत ती सुटली, तर मॅट्रिकनंतर सायन्सच्या दारात कुणी उभं करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी मुली उठल्या तशी मीही उठले, पण बाईंमागे गेले नाही. हेडमास्तरांसमोर उभी राहिले आणि न विचारताच सांगून टाकलं, की माझे वडील रेल्वेत आहेत, इंजिनावर फायरमन. मग रेल्वेच्या पोरांमागे त्यांच्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसले. पोरं फिदीफिदी हसली. हेडमास्तर तसे वाईट नव्हते. त्यांनी समजुतीनेच सांगितलं, की तुम्ही ख्रिस्ती, म्हणजे तू पुढे नर्स होणार, आणि नर्सला भूमिती काय करायची? गावाने हे परस्पर ठरवून टाकलं होतं. केडगावच्या मिशनात वाढलेली, शिवणकामात तरबेज अशी माझी आई, तिचंही तेच म्हणणं. नर्सच्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण माझं ठरवणारे हे कोण?

मी दुसऱ्या दिवशीही त्याच बाकावर बसले. माझी हजेरी घेणं बंद झालं, तरी बसले. शेवटी वडिलांना बोलावणं गेलं.

ते ड्यूटीवरून तसेच आले, कोळशाने काळ्या झालेल्या कपड्यांत, टोपी हातात धरून. आता हे माझा कान धरून नेणार असं सगळ्यांना वाटलं. हेडमास्तरांचं सगळं ऐकून घेऊन वडील म्हणाले, "गुरुजी, घरी समद्यांनी सांगून बघितलं. माझं काय ती ऐकत न्हाई. तुमीच सांगा."

हेडमास्तर माझ्याकडे वळले. एका मुलीसाठी शाळेची रीत फिरवता येत नाही, म्हणाले.

"सर, पुण्याहून मनमाडला जाणाऱ्या गाडीचं इंजिन आपल्या स्टेशनात काढून दुसऱ्या टोकाला लावतात," मी म्हणाले. "अख्खी गाडी उलटी निघते. मला फक्त बाक बदलायचाय."

वडिलांनी टोपी डोक्यावर चढवली. "व्हय गुरुजी," ते म्हणाले. "रोज फिरवतो आमी इंजिन. गाडी काय रुळावरनं पडत न्हाई."

हेडमास्तरांनी वर्गात बसायची परवानगी दिली, पण मुलांच्या बाकावर नाही. माझ्यासाठी दाराजवळ एक स्टूल आलं. तिथून फळ्याचा अर्धा भाग उजेडाने चकाकायचा, मला उभं राहून गणितं उतरवून घ्यावी लागायची. येणारा-जाणारा मला धक्का देऊन जायचा. एवढं मिळालं हे उपकार समज, असं शिवणाच्या बाई सांगायच्या. जे माझंच होतं ते मला दाराशी बसवून दिलं, त्यात उपकार कसले? नर्स हो म्हणणाऱ्या आईने मात्र एक दिवस त्या स्टुलाच्या मापाची छोटी गादी शिवून दिली. मला रडू आलं.

मी नववीत गेले, तेव्हा स्टूलही माझ्याबरोबर नव्या वर्गाच्या दाराशी आलं. त्याच आठवड्यात आठवीतल्या दोन मुली शिवणाची रांग सोडून गणिताच्या वर्गात शिरल्याचं कळलं. शिपाई त्यांच्यासाठी आणखी स्टुलं शोधत व्हरांड्यात फिरत होता. ते बघून माझं डोकं फिरलं. मी आठवीच्या वर्गात गेले आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या दोघींना म्हणाले, "स्टूल आणलं तरी घेऊ नका. बाकावर बसा."

मग परत येऊन आईची गादी काखेत मारली, माझं स्टूल उचललं, हेडमास्तरांच्या ऑफिसच्या दारात नेऊन ठेवलं आणि वर्गात पहिल्या बाकावर बसले. मला उठवायला कुणी आलं नाही. आलं असतं तरी मी उठले नसते.