तव्यावर वाळवलेलं बी

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. ते गेले. आता तुम्हाला सांगते — तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणूनच जमतंय बहुतेक.

आमच्या पारनेरकडच्या बांधांवर पूर्वी ठिपक्यांचा घेवडा असायचा. गावानं तो सोडला. उरला फक्त सासूबाईंच्या मडक्यात. दरसाल पेरायचा, नवं बी धरायचं, सावलीत वाळवायचं, राखेत घालून मडक्याचं तोंड शेणामातीनं लिंपायचं. राख त्या स्वतः चाळायच्या. एका वर्षी बाकीचं काम सुनेला दिलं.

आणि सून कोण? सातवी पास, म्हणून स्वतःला मामलेदारीण समजणारी! चार दिवस बी राखत बसायचं — मी? शेजारणीबरोबर पारनेरच्या बाजारात बांगड्या भरायला जायचं ठरलेलं. त्यात बियांत दोन-चार भुंगे दिसले. मग काय, बाईची अक्कल चालली. तवा तापवला, सगळं बी त्यावर हलवलं. भुंगे मेले, बी खडखडीत वाळलं, मडकं लिंपून मी दुपारच्या आत मोकळी.

भाजलेलं बी दिसायला जिवंतच दिसतं हो.

आषाढात सासूबाईंनी मोड येतात का बघायला दहा दाणे ओल्या फडक्यात बांधले. रोज सकाळी फडकं सोडून बघायच्या. मी भाकरी थापता थापता त्यांच्याकडे बघायची. मग दुसरे दहा बांधले. मग तिसरे. शेवटी माझ्याजवळ येऊन बसल्या.

“राख वली हुती का गं?”

तेव्हा तरी बोलायचं ना? एरवी माझं तोंड गावभर चालायचं. मी म्हणाले, “राख तर तुमीच चाळली हुती न्हवं, आत्याबाई.”

पुढे कुठल्याच बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. पेरणीला कुणी मूठ पुढे केली, की हात पदराखाली घ्यायच्या — “माझा हात नगं.” मरेपर्यंत.

गेल्या महिन्यात जुनी बियाणी गोळा करणारी एक मुलगी घरी आली. घेवडा शेवटी कुणाकडे होता नि कसा संपला, म्हणून विचारत होती. आता भ्यायचं कुणाला? सासूबाई नाहीत, नवरा नाही, माझेही दात पडलेत. तरी तोंडातून आलं ते — “आमच्या आत्याबाईंच्या हातनं गेला.”

तिनं वहीत लिहून घेतलं. नाव विचारलं. मी सासूबाईंचं पूर्ण नाव सांगितलं. आडनाव लिहिताना ती चुकली, तर तेही नीट करून दिलं.