भाकरीवरची बुरशी घेऊन पिंपरीला

साताऱ्याहून निघताना आमच्या सामानात एक वळकटी, एक छत्री, परवानगीचे एक पत्र आणि चार खणांचा एक डबा होता. डब्यात बुरशी होती. लोक प्रवासाला निघताना चिवडा-लाडू घेतात. माझी धाकटी बहीण शकू शिळ्या भाकरीवर आणि जुन्या चपलेच्या तुकड्यावर वाढवलेली बुरशी घेऊन निघाली होती, आणि तिला धक्का लागू नये म्हणून एस.टी.त थेट पुण्यापर्यंत डबा मांडीवर धरून बसली होती.

शकू छत्तीस वर्षांची आहे. बोलताना ती समोरच्याच्या तोंडाकडे पाहत नाही. कुणी अंगाला हात लावलेला तिला खपत नाही. मोठा आवाज झाला की कानांवर हात ठेवून जिथे असेल तिथे खाली बसते. तीन डॉक्टरांनी याला तीन नावे दिली, पण त्यांतले एकही तिला नीट बसले नाही, म्हणून आम्ही तिला शकूच म्हणतो. अकरा वर्षांपूर्वी कोनाड्यात विसरलेल्या भाकरीवर तिला एक हिरवा ठिपका दिसला आणि ती दिवसभर त्याच्याजवळ बसून राहिली. तेव्हापासून कशावर काय उगवते, कितव्या दिवशी, कोणत्या रंगाचे, हे सगळे तिने सात वह्यांत लिहिले आहे. रंगांना नावे पुरेनात, तेव्हा तिने बुरश्यांना क्रमांक दिले. माझ्या बायकोने सुरुवातीला दोनदा हा संसार उकिरड्यावर फेकला. शकू रडली नाही. तिने वहीत ‘नष्ट’ असे लिहिले आणि नवी भाकरी मागितली.

पिंपरीच्या कारखान्यात बुरशीपासून औषध करतात आणि तिथे ती सूक्ष्मदर्शकातून पाहतात, असे तिने एका मासिकात वाचले. तिच्याजवळ होते ते फक्त माझे वाचायचे भिंग. “मला ती जवळून पाहायची आहे,” एवढेच ती म्हणाली. पण ते ती रोज सकाळी म्हणाली. मी कारखान्याला पाच महिने पत्रे लिहिली. ‘आपण कोणत्या संस्थेतर्फे येणार?’ अशी विचारणा झाली, तेव्हा ‘भाकरीतर्फे’ असे कळवण्याचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला.

पुण्याहून लोणावळ्याच्या गाडीने आम्ही चिंचवडला उतरलो. गावात आमच्या शाळेतल्या शिपायाचे मेहुणे सावळाराम यांच्याकडे मुक्काम होता. घर शेतकऱ्याचे, अंगण सारवलेले, मागे पवनेकडे उतरत गेलेली बाजरी. त्यांच्या पत्नी हौसाबाई यांनी भाकरी आणि मटकीचे कोरड्यास (पातळ कालवण) वाढले. शकूला एका पदार्थाला दुसरा लागलेला चालत नाही, हे सांगताना मी नेहमीप्रमाणे चाचरलो. हौसाबाईंनी काही न विचारता दुसरी ताटली आणली.

“ताई, डब्यात काय हाय? पोरांपास्नं लपवायचं आसंल तर वर शिंक्यात ठिवते.”

“बुरशी आहे,” शकू म्हणाली.

“आगं बया! आन् ती जपून आणली? आमी तर टाकून देतो.”

“कोणत्या रंगाची टाकता?”

हौसाबाई विचारात पडल्या. “भाकरीवर आदी पांढरी, मंग हिरवी. कणगीच्या बुडाला मातुर पिवळी धरती.”

पिवळी शकूच्या यादीत नव्हती. तिने वही उघडली. कणगी कशाची, दाणा कोणता, ओल किती, असे प्रश्न सुरू झाले आणि चूल विझून गेली तरी संपले नाहीत. शेवटी दोघी कणगीत वाकून बसल्या आणि शकूने थोडी पिवळी कागदाच्या पुडीत बांधून घेतली. हौसाबाईंना याआधी इतक्या अगत्याने कुणी काही विचारले असेल, असे मला वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पायी पिंपरीला गेलो. रस्त्याच्या एका बाजूला कणसांनी जड झालेली बाजरी होती. दुसऱ्या बाजूला माळावर आखणीच्या खुंट्या, विटांचे ढीग आणि अजून न झालेल्या इमारतींच्या पाट्या. कारखान्यासमोर एक कमान उभी होती. परवा कुणी थोर पाहुणे येऊन गेले होते. आंब्याची पाने वाळली होती, पण ‘सुस्वागतम्’ अजून ताठ होते. ते आमच्यासाठी नव्हते, तरी मी टोपी नीट केली.

दाराशी मोठ्या मिशांचा पहारेकरी होता.

“बाई, डबा उघडा.”

“उघडायचा नाही. दुसऱ्या खणातली उडते.”

“हाय तरी काय?”

“बुरशी.”

“आन् आत काय करत्यात, ठावं हाय का?”

“बुरशीच.”

पहारेकरी माझ्याकडे वळला. “राव, लोक हितं येताना निदान फुटाणे तरी आणत्यात!”

पत्र आत गेले. थोड्या वेळाने पांढऱ्या कोटातले सामंत नावाचे एक तरुण शास्त्रज्ञ हसतमुखाने बाहेर आले. डब्यात काय आहे ते पहारेकऱ्याने सांगताच ते दहा पावलांवर थबकले. नाग पाहावा तसा त्यांचा हात वर झाला.

“तिथंच थांबा! पुढं येऊ नका!”

एवढा मोठा कारखाना एका भाकरीला भ्याला, याची मला प्रथम गंमत वाटली. सामंतांनी समजावून सांगितले. आतल्या मोठमोठ्या टाक्यांत एकाच जातीची बुरशी वाढवतात. बाहेरच्या दुसऱ्या बुरशीचा एक कण जरी शिरला, तरी टाकीच्या टाकी फेकावी लागते.

शकूने ते ऐकले. मग डबा छातीशी धरून ती मागे सरकली. मोजून वीस पावले.

“मग मी आत येणार नाही,” ती म्हणाली.

“अहो, डबा इथं ठेवा,” सामंत म्हणाले. “आत दुसरे कपडे देऊ.”

“केसांत असते. माझ्या केसांत अकरा वर्षांची असेल. मी येणार नाही.”

मी तिला समजावले. मग चिडलो. पाच महिन्यांची पत्रे काढली, एस.टी.चा प्रवास काढला. “शकू, पुन्हा परवानगी मिळणार नाही. कळतंय का तुला?” तिला कळत होते. तिची बोटे डब्याच्या कडीवर एकसारखी फिरत होती. “दादा, टाकी बिघडेल,” ती म्हणाली. एवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला आणि ती कान झाकून रस्त्याच्या कडेला खाली बसली. मी छत्री उघडून तिच्यावर धरली. दुसरे काय करावे ते मला सुचले नाही.

भोंगा थांबला. सामंत दूर उभे राहून तिच्याकडे पाहत होते. “तासभर थांबाल?” त्यांनी विचारले. “माझी जेवणाची सुट्टी होईल.”

तासाभराने ते कोट काढून आले. हातात लाकडी पेटी होती. “हा सूक्ष्मदर्शक माझा स्वतःचा, शिकत होतो तेव्हाचा. आता तो आत न्यायचा नाही, परस्पर घरी जाईल. मीही आंघोळ करून, कपडे बदलूनच टाक्यांकडे जाईन.” पहारेकऱ्याने कुरकुरत आपले टेबल रस्त्यापलीकडच्या बाभळीजवळ आणून दिले. सामंतांनी सूक्ष्मदर्शक मांडला, खालचा आरसा उन्हाकडे वळवला आणि एक सीलबंद काचपट्टी ठेवली. “ही आतली. मेलेली आहे, घाबरू नका.”

शकू वाकली. किती वेळ ते मी पाहिले नाही. तिची पाठ पाहत होतो. ती अगदी स्थिर होती.

“कुंचले आहेत,” ती अखेर म्हणाली. “प्रत्येक दांडीला कुंचला. आणि त्यातून मण्यांच्या माळा.”

मग तिच्या भाकरीवरची चार क्रमांकाची लावली. तेच कुंचले. चपलेवरची नऊ लावली. तेही तसेच. सामंत म्हणाले, रंग तर खाण्यावरही बदलतो. शकू एकदम सरळ झाली.

“मी चुकले! मी दोन मोजल्या, ही बहुधा एकच आहे!” आणि ती हसली. चूक सापडल्यावर असे हसणारे माणूस मी शाळेत वीस वर्षे शिकवून पाहिलेले नाही.

“आणि चार क्रमांकाची म्हणजे कारखान्यातलीच?” मी उतावीळपणे विचारले.

“तशी दिसते. तीच आहे असं म्हणता येत नाही,” शकू म्हणाली.

सामंत मोठ्याने हसले. “परवाच्या पाहुण्यांनी डोळा लावला, तेव्हा आरसा फिरलेला होता. आत मिट्ट काळोख. तरी ‘वा, वा!’ म्हणाले.”

त्यांचा जेवणाचा डबा तसाच राहिला. सुट्टी संपेपर्यंत ते शकूच्या वहीतली पाने उतरून घेत होते.

घरी आल्यावर मी आभाराचे पत्र लिहायला बसलो. चांगली तीन पाने झाली. शब्द वजनदार होते, कमानीवर शोभले असते. खरे तर मला एवढेच सांगायचे होते: शकूला लोकांनी आजवर ‘आत ये, आमच्यासारखी वाग’ एवढेच सांगितले, तिच्यासाठी कुणी बाहेर येईल, हे मला, तिच्या सख्ख्या भावालाही, कधी सुचले नव्हते. ते काही मला लिहिता आले नाही. शकूने माझी पाने बाजूला सारली आणि एका पोस्टकार्डावर स्वतः लिहिले. तिने आजवर कुणाला पत्र लिहिले नव्हते, की घरी बोलावले नव्हते.

“चार आणि नऊ एक केल्या. कणगीतली पिवळी वाढते आहे. पाहायला यावे. आमच्या घरात आत येण्यास हरकत नाही.”