बाळाच्या गोधडीवरचा चार्जबॅक

हे शंभो महादेवा, अंगाला भस्म फासून बसलास, तुला कोणी मळका म्हटले नाही. गजाचे कातडे पांघरलेस, तुला कोणी जुनेर पांघरणारा म्हटले नाही. देवा, तुझेच नाव जिला ठेवले त्या उदगीरच्या महादेवीची कथा तुझ्या पायाशी मांडायची आहे. वाणीला धार दे. कारण ही कथा गोड नव्हे, भांडणाची आहे.

महादेवी घराच्या पुढच्या खोलीत गोधड्या शिवते. नवरा श्रीशैल लातूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये असतो, शनिवारी येतो. आधी ती एकटीच शिवायची. मग गल्लीतल्या बायका सुई घेऊन येऊ लागल्या आणि मोबाइलवर दुकान उघडले गेले. उदगीरची गोधडी पुण्याला निघाली, हैदराबादला निघाली. हात चालत होते, तोंडे चालत होती, बायकांच्या घरी चुली चालत होत्या. कष्टालाच पूजा मानणारे आमचे कायक म्हणजे हेच की!

पण दुकानाला एक नख लागले होते. ग्राहकाने क्रेडिट कार्डावर पैसे भरले आणि नंतर बँकेकडे तक्रार केली, तर बँक ते पैसे परत ओढून घेते. याला चार्जबॅक म्हणतात. असे दोन वाद महादेवी हरली होती, तेही न लढता. पेमेंट कंपनीचे मेल तिने जाहिराती समजून सोडून दिले होते. तेव्हा कंपनीने बजावले, आणखी एक वाद हरलात तर खाते बंद. खाते बंद म्हणजे दुकान बंद, आणि दुकान बंद म्हणजे पुढची खोली रिकामी.

तोच तिसरा वाद येऊन आदळला.

पुण्याच्या दामिनीने तान्ह्या बाळासाठी गोधडी घेतली होती. तिने एका कडेची शिवण उसवली, आतले विटके लुगडे बाहेर ओढले, फोटो काढला आणि बँकेला कळवले: ‘नवी म्हणून वापरलेली चिंधी पाठवली. फसवणूक.’

ते लुगडे महादेवीच्या सासूचे, गुरम्मांचे. बाळाची गोधडी शिवताना आतला थर जुन्याच लुगड्याचा घालायचा, हे उदगीरला कोणी कोणाला शिकवत नाही. नवे कापड तान्ह्या कातडीला रुतते; शंभरदा धुतलेले लुगडे सायीसारखे मऊ होते. आणि घरच्या थोरल्या बाईचे अंगावरचे वस्त्र म्हणजे आशीर्वादच. महादेवी प्रत्येक बाळाला तो फुकट देत होती. फक्त दुकानाच्या पानावर तिने तसे लिहिले नव्हते. बाळाची गोधडी जुन्याचीच असते, हे काय लिहायचे!

तिने दामिनीला फोन लावला.

“ताई, उदगीरहून महादेवी बोलतेय, गोधडीवाली.”

“मला फोन करू नका. बँक बघेल काय ते.”

“अवो, बाळाला नवं कापड रुततं, म्हनून आत जुनं घालतो आमी. सोडा घालून उकळून, उन्हात वाळवून—”

“कुणाचं जुनं? कोण मेलं होतं त्यात?”

फोनचा आवाज मोठा होता. गुरम्मांनी तो सुनेच्या हातातून ओढला. “मी हाय की जित्ती! माझ्या अंगावरचं हाय ते. मारतीस का मला?”

“शी! लोकांना चिंध्या विकता आणि वर दमदाटी?” दामिनीने फोन आपटला.

संध्याकाळी थोरले दीर माणिकप्पा आले. त्यांचे बाजारात कापडाचे दुकान. सगळे ऐकून म्हणाले, “सोपं हाय. लिही, आत बी नवंच कापड व्हतं. बाईनंच चिंधी कोंबून फोटू काढला. मागल्या तारखेचं बिल मी देतो.”

“म्हंजे अत्याबाईचं लुगडं मीच नाकारू, भाऊजी?”

“धंद्यात अत्याबाई-बित्याबाई नसती.”

“माणिक्या,” गुरम्मा कडाडल्या, “तू काय रेशमात जल्मलास? तुला बी माझ्या सासूच्या जुनेरातच गुंडाळलं व्हतं.”

“बरं. खातं बंद झालं की त्या बायकांना तुमीच सांगा,” म्हणून ते ताडताड निघून गेले.

महादेवीने ठरवले. खोटे लिहायचे नाही आणि हरायचेही नाही. तिने वादाचा अर्ज या वेळी अक्षर न् अक्षर वाचला. त्यात एक प्रश्न होता: ग्राहकाने वस्तू परत केली का? ती तिथेच थांबली. चिंधी म्हणणाऱ्या बाईने चिंधी फेकली कुठे होती?

लगेच तिने दामिनीला लिहिले: ‘तुम्हांला घाण वाटते ती गोधडी मला परत द्या. कुरिअरचा माणूस दारात येईल, भाडे माझे. गोधडी हाती पडताच सगळे पैसे देते.’

माणूस गेला, रिकामा आला. दुसऱ्यांदा गेला, पुन्हा रिकामा आला. मग दामिनीचाच फोन आला.

“तुमचा माणूस पाठवू नका परत. सारखी बेल वाजवतो.”

“का वो? घाण हाय ना ती? मग घरात कशाला ठेवून राहिलात?”

“बाळ झोपलंय आत्ता.”

“कशावर?”

फोन कट झाला.

महादेवीने उत्तर लिहिले. आतले कापड जुने आहे, होय. पानावर तसे लिहिले नव्हते, ही चूक माझी. वस्तू परत मागितली, पैसे देऊ केले. ग्राहकाने दोनदा नकार दिला. कुरिअरच्या नोंदी तिने जोडल्या. बाळाच्या झोपेविषयी मात्र एक शब्द लिहिला नाही. तान्ह्या जिवाला भांडणात साक्षीला ओढायचे नसते, माउली!

पुढच्या महिन्यात निकाल आला. वस्तू ठेवून पैसेही मागता येत नाहीत, असे बँकेने ठरवले. खाते राहिले. दामिनीने दुकानाच्या पानावर एक तारा देऊन लिहिले, ‘घाणेरडी माणसं.’ महादेवीने खाली उत्तर दिले, ‘बाळाला सुखाची झोप लागो. तुम्हांला मात्र आमच्याकडून पुन्हा सुतळीचा तोडाही मिळणार नाही.’

आणि पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत घातले: बाळाच्या गोधडीत आतला थर जुन्या, धुतलेल्या लुगड्याचा असतो. पटत नसेल तर घेऊ नका.

“आता कोन घेणार?” माणिकप्पांनी हिणवले.

“पटंल तो घेईल. चहा घ्या, भाऊजी.”

शंभो, या लेकीच्या हातातली सुई कधी थांबू नये. गुरम्माअव्वांना शतायुष्य दे आणि त्यांची जीभ अशीच तिखट राहू दे. श्रीशैल दर शनिवारी सुखरूप घरी येवो, माणिकप्पांच्या दुकानी बरकत येवो, पुढची खोली बायकांच्या हसण्याने भरलेली राहो. या घराचे कल्याण कर, देवा, कल्याण कर!